पायातले मोती, गळ्यातले तोडे

संध्याकाळचा खास पोशाख ही गोष्ट मराठी राजघराण्यांतल्या स्त्रियांच्या वाट्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. त्याआधी साडी घड्याळ पाहून बदलत नसे, प्रसंग पाहून बदलत असे. लग्नकार्याला शालू, सणावाराला पैठणी, हळदीकुंकवाला चंदेरी. राण्या गोषात असत, त्यामुळे पाहणाऱ्याही बहुतेक बायकाच. इंग्रज रेसिडेंटच्या बंगल्यावरची रात्रीची मेजवानी, लंडनचा राजदरबार आणि युरोपातल्या नाचाच्या मैफली यांनी हे चित्र बदलले. तिथे परके पुरुष होते, छायाचित्रकार होते, वर्तमानपत्रांचे बातमीदार होते. राणीच्या साडीला नावे ठेवण्याची मुभा अनोळखी माणसांना प्रथमच मिळाली. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या तीन पिढ्यांतल्या तीन स्त्रियांनी ती नावे ऐकून घेतली: महाराणी चिमणाबाई, त्यांची कन्या इंदिराराजे आणि पुढच्या पिढीत आलेल्या सीतादेवी.

सयाजीराव गायकवाडांच्या दुसऱ्या पत्नी चिमणाबाई मूळच्या देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई. सयाजीरावांबरोबर त्यांनी युरोप-अमेरिका पाहिली, पुढे गोषा सोडला, १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर एका सहलेखकासह इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. नऊवारी मात्र त्यांनी सोडली नाही. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. निऱ्या पुढे खोवायच्या आणि कासोटा दोन्ही पायांमधून मागे घ्यायचा. या नेसणीत घोड्यावर बसता येते, जिना भराभर चढता येतो, पण पोटऱ्या थोड्या उघड्या पडतात. त्या काळच्या युरोपीय मेजवानीत खांदे उघडे चालत, पाय चालत नसत. मराठी घरात नेमके उलटे. चिमणाबाईंच्या छायाचित्रांत नऊवारीखाली पायमोजे आणि बूट दिसतात. दोन्हीकडच्या लोकांची तोंडे बंद ठेवण्याचा हा तोडगा आज पाहताना अवघडल्यासारखा वाटतो, पण त्या वेळी तो चालून गेला.

राजघराण्याच्या पोशाखावरून केवढे काहूर उठू शकते, हे या कुटुंबाने पाहिले ते मात्र पुरुषाच्या बाबतीत. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जसमोर संस्थानिकांनी अंगभर जवाहीर लेऊन यायचे, लवून मुजरे करायचे आणि पाठ न दाखवता मागे सरायचे असा शिरस्ता ठरला होता. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, हातात छडी घेऊन आले, एकदाच लवले आणि पाठ फिरवून चालू लागले. इंग्रजी वर्तमानपत्रे खवळली. सयाजीरावांना व्हाइसरॉय हार्डिंगकडे खुलासा पाठवावा लागला. पांढऱ्या अंगरख्यातून राजद्रोह वाचणारे ते डोळे होते.

त्याच दरबाराच्या दिवसांत त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी इंदिराराजे वेगळ्याच कारणाने चर्चेत येणार होती. तिचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरले होते. शिंदे वयाने बरेच मोठे, आधी विवाहित, आणि त्यांच्या घरचा गोषा कडक. दिल्लीत इंदिराराजेंची गाठ कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी पडली आणि ठरलेले लग्न मोडत असल्याचे पत्र तिने शिंद्यांना परस्पर लिहून टाकले. ‘राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय?’ अशा आशयाची शिंद्यांची तार बडोदेकरांच्या हाती पडली तेव्हा आईवडिलांना काय घडले ते कळले. कूचबिहारचे घराणे मराठा नव्हते, ब्राह्मो समाजी होते, आणि विलायती राहणीसाठी त्याचे नाव झालेले होते. १९१३ मध्ये लंडनला लग्न लागले. आईवडील हजर राहिले नाहीत. पुढे इंदिराराजेंच्या कपड्यांवर जी टीका झाली तिच्या मुळाशी ही गोष्ट नेहमी असायची. लग्न स्वतःच्या मनाने करणारी बाई साडीही स्वतःच्या मनाने नेसणार, हे लोकांनी गृहीतच धरले होते.

कूचबिहारला आल्यावर नऊवारी गेली. सासूबाई सुनीतीदेवी या केशवचंद्र सेन यांच्या कन्या. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी त्या इंग्लंडला जाऊन आल्या होत्या. विलायती झग्यावर साडीसारखे वस्त्र घेण्याची तडजोड त्या पिढीने केली होती. परकरावर गोल नेसून, निऱ्या पुढे आणि पदर डाव्या खांद्यावर, ही पद्धत बंगालमध्ये ज्ञानदानंदिनी देवी ठाकूर यांनी रुजवली. १८६० च्या दशकात पतीच्या नोकरीमुळे त्या मुंबईत राहिल्या आणि पारशी बायकांचे नेसणे त्यांनी तिथे पाहिले. म्हणजे मुंबईहून कलकत्त्याला गेलेली गोल साडी बडोद्याच्या मुलीने कूचबिहारला उचलली. मराठी घरांत पुढे कित्येक वर्षे ‘गोल नेसते’ हे शब्द थोड्या नाकानेच उच्चारले जात.

इंदिराराजेंनी केलेला खरा बदल कापडाचा. शिफॉनची साडी हिंदुस्थानात त्यांनी रूढ केली, असे त्यांच्या कन्या गायत्रीदेवी यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे आणि सामान्यतः हेच श्रेय त्यांना दिले जाते. शिफॉन म्हणजे जोरदार पीळ दिलेल्या बारीक रेशमी धाग्यांचे विरळ विणीचे कापड. पिळामुळे ते चुरगळत नाही, अंगावर लोंबते, चालताना पायांबरोबर वळते. फ्रान्समध्ये ते झग्यांसाठी विणले जाई. काठ नाही, पदर नाही, जर नाही. तागा कापला की साडी तयार.

पैठणीच्या शेजारी हे ठेवून पाहिले म्हणजे धक्का कशाचा बसला ते कळते. पैठणीचा पदर जरीने जड असतो, खांद्यावर टाकला की खाली बसतो. नेसणारीचे वजन, घराण्याचे वजन आणि सोन्याचे वजन एकदमच जाणवते. पाहणाऱ्या बाईला काठावरून किंमत सांगता येते, पदरावरून गाव सांगता येते. शिफॉनवर वाचण्यासारखे काहीच नाही. किंमत भरपूर, पण दिसत नाही. आणि खाली कोण आहे ते मात्र दिसते. जुन्या वळणाच्या लोकांना ती साडी अंगासरशी म्हणून खटकली, तर विलायतेत तीच अत्यंत साधी आणि खानदानी ठरली. दोघेही एकाच साडीकडे पाहत होते.

तिसरा आक्षेप स्वदेशीचा, आणि तो सहज झटकण्याजोगा नव्हता. पुण्यात १९०५ च्या ऑक्टोबरातच परदेशी कपड्यांची होळी झाली होती. १९२१ च्या सुमारास खादी हा देशभर निष्ठेचा गणवेश झाला. त्याच दशकात एक मराठी राजकन्या फ्रान्सहून कापड मागवते, याचा बचाव करणे अवघड आहे. एवढे म्हणता येईल की इतर संस्थानिकांच्या घरीही परदेशी माल कमी येत नव्हता; फक्त तो इतका शोभून दिसत नव्हता.

डिसेंबर १९२२ मध्ये जितेंद्र नारायण वारले. इंदिराराजे तीस वर्षांच्या होत्या, पाच मुले पदरात, थोरला जगद्दीपेंद्र नुकताच सात वर्षांचा झालेला. तो सज्ञान होईपर्यंत, १९३६ पर्यंत, राज्याचा कारभार त्यांनी पालक म्हणून पाहिला. आता त्यांच्या पोशाखाला एक नवा नियम लागू झाला. महाराष्ट्रात सोवळ्या ब्राह्मण विधवेला तांबडे आलवण असे. मराठा राजघराण्यांत आणि बंगालमध्ये पांढरे वस्त्र. इंदिराराजेंनी पांढरे नेसले. पण ते पांढरे शिफॉन होते, आणि त्यावर मोत्यांचे सर. नियमाचे एक अक्षर मोडलेले नव्हते. तक्रार करणाऱ्याला बोट ठेवायला जागा नव्हती, तरी सगळ्यांना कळत होते की शोकाच्या रंगाची त्यांनी मेजवानीची साडी करून टाकली आहे. मनगट, दागिना, कपाळ यांवर विधवेच्या बाबतीत जी करडी नजर असते ती इथे नुसती टिपत राहिली. त्या युरोपात फार राहतात, फार खर्च करतात, ही इंग्रज सरकारी वर्तुळातली कुरकूरही याच काळातली. एका तरुण विधवेच्या हाती राज्य असणे ही मुख्य अडचण. साडीवर बोलणे सोपे पडत होते.

मग आल्या चपला. हॉलिवुडमधून १९२७ साली मायदेशी परतून फ्लॉरेन्सला दुकान थाटणाऱ्या साल्वातोरे फेरागामो या चर्मकाराकडे इंदिराराजेंनी एका फटक्यात शंभर जोड सांगितले. ही मागणी इतकी गाजली की ती गायत्रीदेवींच्या आत्मचरित्रातही आली आहे. काही जोडांसाठी रत्ने त्यांनी स्वतःच्या संग्रहातून पाठवली. हिरव्या मखमलीच्या एका जोडाच्या टाचेवर मोत्यांची वेटोळी चढवली होती, काळ्या मखमलीच्या दुसऱ्या जोडाला हिऱ्यांचे बक्कल होते. मराठी घरात पायात सोने घालत नाहीत. लक्ष्मी कमरेखाली उतरवायची नाही, म्हणून पैंजण, जोडवी, मासोळ्या चांदीच्या. राजघराण्यांना सोन्याच्या तोड्यांची सूट होती, पण तोडा हा दागिनाच. चपलेवर मोती जडवणे या सवलतीत बसत नव्हते. विशेष म्हणजे जमिनीपर्यंत पोचणाऱ्या साडीखाली हे मोती दिसणार किती? बसल्यावर, पाय किंचित पुढे आला तर. नऊवारीखाली आईने झाकलेले पाय लेकीने असे बाहेर काढले.

इंदिराराजे १९६८ मध्ये मुंबईत वारल्या, तोवर शिफॉनवरचा वाद संपला होता. गायत्रीदेवी १९४० साली जयपूरच्या महाराणी झाल्या, आणि फिकट रंगाची शिफॉन व मोत्यांचा सर हा राजस्थानातल्या राजस्त्रियांचा जणू अधिकृत वेष ठरला. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत त्या प्रचंड मताधिक्याने निवडून आल्या तेव्हा त्यांच्या साडीला कुणी परदेशी म्हटले नाही. हिंदी सिनेमाने शिफॉन बर्फात नेली, गिरण्यांनी तिचा स्वस्त कृत्रिम धाग्याचा अवतार काढला, आणि ती मध्यमवर्गाच्या कपाटात आली. आज पुण्याहून मुळशीकडे जाताना पिरंगुट, कासार आंबोलीच्या बाजूला होणाऱ्या एखाद्या लग्नातही दिवसाचे हेच दोन भाग दिसतात: विधीला नवरी नऊवारीत, नथ आणि चंद्रकोर लावून, संध्याकाळच्या स्वागत समारंभाला झुळझुळीत साडी किंवा झगा. नावे ठेवायचीच तर मावश्या-आत्या संध्याकाळच्या पोशाखाला ठेवतात. नऊवारीला सहसा कुणी बोलत नाही.

सीतादेवींच्या बाबतीत मात्र लोकांचे मत नाके मुरडण्यावर थांबले नाही. त्या पिठापुरमच्या, तेलुगू घरातल्या. पहिला विवाह मोडून १९४३ मध्ये त्यांनी सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव यांच्याशी लग्न केले. महाराजांची पहिली पत्नी हयात होती, आणि बडोद्यात द्विभार्याप्रतिबंधक कायदा होता. तो राजालाही लागू होतो का, यावर बरीच खळखळ झाली. सीतादेवी पुढे मोनाकोत राहू लागल्या. बडोद्याच्या जवाहिरखान्यातला सातपदरी मोत्यांचा हार आणि ‘दक्षिणेचा तारा’ हा प्रसिद्ध हिरा त्यांच्या अंगावर दिसू लागला, जुने दागिने मोडून पॅरिसच्या सराफाकडून नवे घडवले जाऊ लागले. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. तेव्हा दागिने महाराजांचे की संस्थानचे, हा प्रश्न हिशेबाचा झाला. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांना पदच्युत करून त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना गादीवर मान्यता दिली. राणीच्या रात्रीच्या दागिन्यांविषयी पूर्वी पाहुण्यांत कुजबूज होई. आता त्यांची विचारणा सरकार करत होते, आणि ते योग्यही होते. इंदिराराजेंनी नियम वाकवले. सीतादेवींच्या वेळी पैसा जनतेचा असल्याचा दावा उभा राहिला. या दोन टीका एकाच मापाने मोजता येत नाहीत.

सीतादेवींची सर्वांत प्रसिद्ध हकिकत न्यूयॉर्कमधल्या एका नृत्यसमारंभाची, १९५७ सालची. विंडसरच्या डचेस वॉलिस सिम्पसन पाचू आणि हिऱ्यांचा देखणा हार घालून आल्या होत्या. हार हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने घडवलेला. लोक वाखाणत असताना सीतादेवी म्हणाल्या की हे हिरे-पाचू आपल्या पायातही इतकेच शोभत असत. विन्स्टनने त्यांच्याकडून पायातले तोडे विकत घेतले होते आणि तेच मोडून हार केला होता. डचेसबाईंनी तो हार परत करून टाकला. ज्या पुण्या-बडोद्याच्या बायकांना मोत्यांच्या चपला रुचल्या नसत्या, त्यांना डचेसचे हे वागणे ताबडतोब पटले असते: पायातले गळ्यात कोण घालील?

बडोद्याच्या त्या सातपदरी हारातल्या निवडक मोत्यांचा दोनपदरी हार एप्रिल २००७ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाला. त्यात ६८ मोती होते. तो सुमारे ७१ लाख डॉलरना गेला.