घडीचा दस्ता आणि भोकाची साइट

बंदुकीची हकीकत मासिकाच्या या पृष्ठांत क्वचितच येते. पण पिकाची राखण हा विषय शेतकऱ्याचा आहे, आणि हातांतलें हत्यार सुधारावयास जातां काय साधतें व काय बिघडतें हेंहि पाहण्यासारखें असतें. म्हणून सन २०२४ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील आयोवा राज्यांत भाच्याकडे राहिलों असतां शेजारच्या शेतावर जें पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

शेजारचे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे. मका आणि सोयाबीन हीं त्यांचीं मुख्य पिकें. सोयाबीन नुकतें उगवून चार पानांवर आलें होतें आणि बांधाच्या कडेला ग्राउंडहॉग नांवाच्या प्राण्यानें बिळें केलीं होतीं. हा प्राणी आपल्याकडील घुशीच्या वळणाचा, परंतु मांजराहून जड. कोंवळीं रोपें ओळीनें कुरतडून टाकतो. आणि बिळांत यंत्राचें चाक गेलें म्हणजे नुकसान वेगळेंच. त्यासाठीं त्यांच्याजवळ एक .२२ ची रायफल होती. ट्रॅक्टरच्या केबिनमध्यें ती अडचण करी, म्हणून त्यांनीं तिला बाजारांतून घडीचा दस्ता आणविला. आणि चाळिशीनंतर डोळ्यांनीं दगा दिल्यामुळें साइटहि नवी आणविली.

रिमफायर काडतुसांत भडका देणारा मसाला बुडाच्या मध्यभागीं नसून कडेच्या पोकळ घडींत असतो, आणि घोड्याची टांच त्या कडेवरच बसते. पॅरिसच्या फ्लोबेर यानें १८४५ च्या सुमारास या जातीचें काडतूस काढलें. स्मिथ अँड वेसन यांनीं १८५७ त.२२ शॉर्ट आणलें. आणि आज सर्वत्र चालतें तें.२२ लाँग रायफल १८८७ चें आहे. गोळी साधारण ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमहून थोडी अधिक. आवाज लहान, धक्का नांवाला. म्हणून लोक हिला खेळणें समजतात. परंतु काडतुसांच्या डब्यावर एक-दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो, तो उगीच नव्हे.

त्यांची रायफल रुगर कंपनीची १०/२२ होती. १९६४ पासून ही जात निघत आहे. नळी साडेअठरा इंच, मॅगझीन दहा काडतुसांचें, फिरत्या चक्राचें. हिचा लांकडी दस्ता नळीवरचा एक पट्टा आणि मॅगझीनच्या पुढचा एक स्क्रू एवढ्यांवरच धरलेला असतो. त्यामुळें दस्ता बदलण्याचें काम घरीं होऊं शकतें.

त्यांनीं प्रथम मॅगझीन काढलें, बोल्ट मागें ओढून आंत काडतूस नाहीं हें डोळ्यांनीं पाहिलें आणि करंगळी घालून पुन्हा चांचपलें. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलींत होता. मी नुसता पाहत होतों. "मामा, तुम्ही हात लावूं नका," असें भाच्यानें आधींच बजावलें होतें. प्रवासी परवान्यावर आलेल्या परकीयास कांहीं अपवाद सोडल्यास बंदूक बाळगणें तेथील संघीय कायद्यानें मना आहे.

पट्टा सैल करून पुढें सरकविला, स्क्रू काढला. आतां सांगाडा उचलावयाचा, तर तो हालेना. सेफ्टीचें बटण एका बाजूस पुरतें दाबलेलें असलें म्हणजे त्याचें टोंक लांकडांत अडकतें; तें मधोमध आणावें लागतें. ही खुबी ठाऊक नसलेला मनुष्य जोर करून दस्ता चिरतो. सांगाडा बाहेर आल्यावर चापाचा खण धरून ठेवणाऱ्या लहान पिना आपोआप घसरून पडूं शकतात, म्हणून खालीं पांढरें फडकें अंथरलें होतें. नवा दस्ता कृत्रिम द्रव्याचा, पिस्तुलासारख्या मुठीचा, मागें लोखंडी दांडा व बिजागरी. सांगाडा त्यांत बसला. स्क्रू घट्ट केला, परंतु पिळून नव्हे. एकंदर वीस मिनिटांचें काम.

कायद्याचा प्रश्न मीं विचारला. तेथें १९३४ च्या राष्ट्रीय कायद्याप्रमाणें रायफलीची नळी सोळा इंचांहून किंवा एकूण लांबी सव्वीस इंचांहून कमी असतां खास नोंद लागते. ही लांबी घडीचा दस्ता उघडून मोजतात. आयोवांत या दस्त्यास मनाई नाहीं. परंतु न्यूयॉर्क राज्यानें २०१३ त, सुटें मॅगझीन असलेल्या आपोआप भरणाऱ्या रायफलीस घडीचा दस्ता लावणें बंद केलें; म्हणजे एका राज्यांतील साधी वस्तु दुसऱ्यांत गुन्हा ठरते.

साइटचें काम मात्र मला फार आवडलें. जुन्या पद्धतींत मागें खाच, पुढें माशी आणि त्यापलीकडे लक्ष्य. तीन अंतरांवरच्या तीन वस्तु डोळ्यानें एकदम स्पष्ट पाहावयाच्या. तरुण डोळा हें कसेंबसें करतो. चाळिशी लागलेल्या डोळ्यास खाच धुरकट दिसते. पीप साइटमध्यें खाचेऐवजीं बारीक भोक असतें आणि तें डोळ्याच्या जवळ, सांगाड्याच्या मागील भागावर बसवितात. भोकांतून पाहतांना भोकाकडे लक्ष द्यावयाचेंच नसतें. डोळा माशी आपोआप मध्यभागीं आणतो, आणि बारीक भोकामुळें माशी व लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकीं स्वच्छ दिसतात. शिवाय दोन खुणांमधील अंतर वाढल्यामुळें चूक कमी होते. दोष एवढाच कीं संध्याकाळीं उजेड कमी पडतो. तेव्हां मोठ्या भोकाची चकती लावावी.

नेम जुळविण्यास मातीच्या उंच बांधापुढें पंचवीस यार्डांवर कागद लावला. टेंकू देऊन पांच गोळ्या झाडल्या. पांचही एका जागीं, पण मध्यापासून तीन इंच खालीं. येथें पुष्कळ लोक अदमासानें स्क्रू फिरवीत बसतात आणि डबाभर काडतुसें खर्च करतात. म्हाताऱ्यांनीं पेन्सिल घेतली. दोन खुणांमधील अंतर २४ इंच, चूक ३ इंच, लक्ष्याचें अंतर पंचवीस यार्ड म्हणजे ९०० इंच. चोवीसास तिहींनीं गुणून नऊशेंनीं भागिलें तर ०.०८ इंच, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. तितकी मागील साइट वर घेतली. मागची साइट गोळी जिकडे न्यावयाची तिकडे सरकवावी, पुढची माशी त्याच्या उलट. हा नियम पाठ असला म्हणजे पुरे. पुढच्या पांच गोळ्या मध्यावर बसल्या. मग पन्नास यार्डांवर ताळा पाहिला. पन्नासावर जुळविलेली ही गोळी शंभर यार्डांवर सहा-सात इंच खालीं येते, म्हणून त्यापुढें जनावरावर झाडूंच नये असें त्यांचें मत. हवेच्या रायफलीसहि हाच हिशेब लागू पडतो.

तिसऱ्या संध्याकाळीं ते केबिनमधून उतरले, दस्ता उघडला आणि बिळाच्या तोंडाशीं बसलेल्या जनावरावर उभ्यानेंच गोळी झाडली. जनावर बिळांत गेलें आणि दूरवर 'टण्' असा आवाज झाला. दीडशें यार्डांवरील धान्याच्या पत्र्याच्या कोठारावर, गुडघ्याच्या उंचीस, ताजा पोचा पडला होता. त्याच कोठारामागें त्यांची नात रोज कोंबड्यांना पाणी ठेवी. त्या वेळीं ती घरांत होती. म्हातारे बराच वेळ त्या पोच्यावर अंगठा ठेवून उभे राहिले.

भाच्यानें दोष नव्या साइटला दिला. तें मला पटलें नाहीं, आणि म्हाताऱ्यांनाहि पटलें नाहीं. दोन्ही खुणा नळीशीं व सांगाड्याशीं पक्क्या असल्यामुळें दस्ता हालला म्हणून त्यांचा परस्पर संबंध बिघडत नाहीं. बिघडतो तो मनुष्याचा आधार. लोखंडी दांड्यावर गाल टेंकत नाहीं, बिजागरींत केसभर खेळ असतो, आणि चाप ओढण्याच्या क्षणीं नळी वर उचलली जाते. टेंकूवर हा दोष लपला होता. दस्त्याचा स्क्रूहि पाव फेरा सैल झालेला सांपडला. परंतु मुख्य चूक त्यांनीं स्वतःचीच मानली: बिळामागें मातीचा उंचवटा आहे कीं नाहीं हें न पाहतां गोळी सोडली. घडीच्या दस्त्यानें बंदूक चट्‌कन हातीं येते, आणि चट्‌कन हातीं आलेली बंदूक चट्‌कन झाडली जाते, असें ते म्हणाले. मला हें फार खरें वाटलें.

आपल्याकडे असल्या प्रयोगाचा विचारहि कोणी करूं नये. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या पांचव्या कलमानें शस्त्राची दुरुस्ती व फेरफार यांचा धंदा परवानेदारानेंच करावयाचा आहे, आणि सहाव्या कलमानें परवान्यावांचून नळी आंखूड करणें गुन्हा आहे; म्हणून परवान्यांत नोंदलेल्या हत्याराच्या स्वरूपांत बदल करण्यापूर्वीं लेखी विचारणा करावी. इच्छापूरच्या कारखान्याची .२२ रायफल कोणाजवळ असेल. त्यांनीं तिचा लांकडी दस्ता तसाच ठेवून फक्त नेम तपासावा, तोहि परवानगीच्या चांदमारीच्या जागीं. रानडुकरावर .२२ ची गोळी म्हणजे जनावर जखमी करून दुसऱ्याच्या शेतांत धाडणें होय. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीं अधिकाऱ्याच्या हुकुमावांचून तें मारतांच येत नाहीं.

मी निघण्याच्या आदल्या दिवशीं म्हाताऱ्यांनीं जुना लांकडी दस्ता परत चढविला. साइट मात्र ठेवली. सांगाडा बदलला नसल्यामुळें नेमांत फारसा फरक पडला नाहीं, तरी त्यांनीं पुन्हा पांच गोळ्या कागदावर झाडून पाहिल्या. घडीचा दस्ता गोठ्यांतल्या खुंटीवर टांगला. आणि ज्या बिळांमागें मातीचा आडोसा नव्हता तेथें दुसऱ्या दिवशीं पिंजरे लावले.