वाळवंटातील घर आणि निळ्या किरणांची तबकडी

सौदी अरेबियाच्या ईशान्य भागात, रियाधच्या उत्तरेस सुमारे ४३० किलोमीटरवर आणि कुवेत व इराक या दोन्ही सरहद्दींपासून शंभर किलोमीटरच्या आत वसलेले हफ्र अल बातिन हे मूळचे विहिरींचे गाव. इसवी सनाच्या सातव्या शतकात मक्केच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी येथे विहिरी खोदण्यात आल्या. पुढे १९५० साली पुऱ्या झालेल्या ट्रान्स-अरेबियन पाइपलाइनचे एक प्रमुख ठाणे जवळच्या कैसूमा येथे झाले, आणि त्या वाहिनीलगतच्या हमरस्त्याने या गावास शहराचे रूप दिले. लष्करी नगरी, रुग्णालये आणि २०१४ साली स्थापन झालेले विद्यापीठ यांच्या आश्रयाने परदेशस्थ नोकरदारांचीही येथे वस्ती असते. उन्हाळ्यात पारा पन्नास अंशांना भिडू लागला, की शुक्रवारच्या सुट्टीत घराबाहेर पडण्याची कोणास इच्छा उरत नाही. आणि अशा वेळी नोकरीच्या करारावर येथे येऊन राहिलेल्या एखाद्या मराठी कुटुंबास चित्रपट पाहावयाचा, तर तो दिवाणखान्याची खिडकी झाकून घरीच पाहणे भाग असते.

ही सवय केवळ हवामानाने लावलेली नव्हे. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून सौदी अरेबियात सार्वजनिक चित्रगृहे बंदच होती. ती पुन्हा उघडली १८ एप्रिल २०१८ रोजी, आणि तीही प्रथम राजधानीत, ‘ब्लॅक पँथर’ या अमेरिकन चित्रपटाच्या खेळाने. मधल्या पस्तीसएक वर्षांत हौशी लोक समुद्रावरील पुलावरून बहरीनला जाऊन चित्रपट पाहून येत. ज्यांना ते परवडत नसे त्यांची भिस्त व्हिडिओ कॅसेटीवर, मागाहून व्हीसीडीवर आणि डीव्हीडीवर असे. सुट्टीवरून परतणाऱ्या माणसाच्या पेटीत लोणच्याच्या बरणीशेजारी चित्रपटांची चळत असे, आणि विमानतळावर जकात अधिकाऱ्यापुढे ती उघडून दाखवावी लागे. आपल्याकडे मोझर बेअर या कंपनीने अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकावयास काढली, तेव्हा तर ही चळत पेटीत मावेनाशी झाली. आखाती देशांतील भारतीय माणसाची घरगुती चित्रपटसंस्कृती ही अशी सामानाच्या वजनमर्यादेत वाढलेली आहे, आणि उच्च स्पष्टतेच्या डिस्कचे गुणदोष त्याच हिशेबाने जोखले पाहिजेत, असे माझे मत आहे.

ब्लू-रे या नावाने २००६ साली बाजारात आलेली ही डिस्क आकाराने जुन्या डीव्हीडीएवढीच आहे. फरक आहे तो ती वाचणाऱ्या प्रकाशकिरणाचा. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा किरण वापरीत, येथे ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा किरण योजिला आहे. किरण जितका सूक्ष्म, तितकी त्याने वाचावयाची खूण सूक्ष्म करता येते, आणि म्हणून डीव्हीडीच्या एका थरावर जेथे ४.७ गिगाबाइट मजकूर मावे, तेथे हिच्या एका थरावर २५ आणि दोन थरांवर ५० गिगाबाइट मावतो. तोशिबा कंपनीने एचडी डीव्हीडी नावाची प्रतिस्पर्धी पद्धती पुढे केली होती. परंतु फेब्रुवारी २००८ मध्ये तिने माघार घेतली आणि ज्यांनी त्या पद्धतीची यंत्रे हौसेने विकत घेतली होती त्यांच्या पदरी निरुपयोगी पेट्या राहिल्या.

पडद्यावर याचा परिणाम काय होतो? पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, ब्लू-रेचे १९२० गुणिले १०८० बिंदूंचे. म्हणजे बरोबर पाचपट. शिवाय चित्रपट सेकंदास चोवीस चौकटींच्या गतीने चित्रित होतो, आणि पाल पद्धतीच्या अनेक डीव्हीडींवर तो पंचवीसच्या गतीने चालविला जात असल्याने अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटे आधी संपे व गायिकेचा स्वरही किंचित चढा लागे. ब्लू-रेवर मूळची चाल कायम राहते. ध्वनीही तीत काटछाट न करता साठविता येतो. मात्र बत्तीस इंची पडद्यासमोर, भिंतीला टेकून, तीन मीटर अंतरावर बसणाऱ्या प्रेक्षकास पाचपट बिंदूंचा लाभ फारसा जाणवत नाही, हेही विक्रेत्याने सांगावयास हवे, आणि तो सांगत नाही.

दुसरीही एक मर्यादा आहे. मुळात जे फितीवर नाही ते डिस्क कोठून आणणार? झिजलेल्या प्रतीवरून काढलेल्या डिस्कवर मुखचर्येबरोबर ओरखडेही पाचपट स्पष्ट दिसतात. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह कित्येक जुन्या नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. मूळ साधनांचीच अशी वाताहत झाल्यावर जुन्या मराठी चित्रपटांच्या उत्तम डिस्कची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? नव्या मराठी चित्रपटांची स्थिती निराळ्या कारणाने तशीच आहे. मागणी तुटपुंजी म्हणून निर्माते या खटाटोपात क्वचितच पडतात. सारांश, हफ्र अल बातिन येथील मराठी घरात या यंत्रावर पाहिले जाईल ते बहुधा हिंदी किंवा इंग्रजी.

‘मग इंटरनेटवरच सर्व काही मिळत असता तबकडीची उठाठेव कशास?’ असा प्रश्न आता घरोघरची मुले विचारतात. त्याचे एक उत्तर डोळ्यांनी पडताळता येते. साधी ब्लू-रे चित्रासाठी सेकंदास चाळीस मेगाबिटपर्यंत मजकूर पुरवू शकते, आणि २०१६ पासून मिळणारी चौपट बिंदूंची फोर-के डिस्क त्याहून कितीतरी अधिक. याउलट इंटरनेटच्या तारेवरून येणारा फोर-के चित्रपट साधारणपणे पंधरा-सोळा मेगाबिटांत भागविला जातो. ही काटकसर उजेडातील दृश्यांत लपून जाते. परंतु पडद्यावर रात्र पसरलेली असावी, कोपऱ्यात एकच कंदील असावा आणि त्याचा उजेड हळूहळू अंधारात विरत जावा, अशा प्रसंगी तारेवरच्या चित्रात त्या उजेडाच्या पायऱ्या पडलेल्या दिसतात. चांगल्या डिस्कवर तोच उजेड अखंड उतरत जातो. सायंकाळी गल्लीतले सारे जण एकाच वेळी इंटरनेटवर बसले, की चित्र आणखीच विरविरीत होते. तबकडीस शेजाऱ्यांच्या वापराशी काही कर्तव्य नसते.

दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते मालकी हक्काचे आहे. इंटरनेटवर आपण चित्रपट ‘विकत घेतो’ तेव्हा वस्तुतः पाहण्याचा परवाना घेतो, आणि परवाना देणारा तो रद्दही करू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना, त्यांनी पैसे मोजून घेतलेल्या डिस्कव्हरी वाहिनीच्या मालिका काढून घेतल्या जातील, असे कळविले होते. मागाहून तो हुकूम मागे घेतला गेला, तथापि आपल्या खरेदीचा खरा दर्जा काय, हे त्यातून सर्वांस कळून चुकले. शिवाय कोणता चित्रपट कोणत्या देशात दाखवावयाचा याचे करार निरनिराळे असल्याने, मुंबईत सहज दिसणारा चित्रपट सौदी अरेबियात यादीतून नाहीसा होतो. कपाटातील डिस्क अशी कोणाच्या मर्जीने नाहीशी होत नाही.

परंतु, आणि येथेच परदेशस्थ मराठी माणसाची खरी फसगत होते, डिस्कलाही देशोदेशीच्या सरहद्दी आहेत. निर्मात्यांनी ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडले आहेत: भारत ‘सी’ विभागात पडतो, आणि सौदी अरेबिया युरोप व आफ्रिकेसमवेत ‘बी’ विभागात. अमेरिकेतील भावाने पाठविलेली डिस्क ‘ए’ विभागाची. विभाग जुळला नाही तर यंत्र पडद्यावर एक कोरडी सूचना लिहून डिस्क परत करते. मग ती रीतसर पैसे मोजून घेतलेली असो की नसो. बऱ्याच हिंदी डिस्क तिन्ही विभागांना मोकळ्या असतात आणि फोर-के डिस्कवर हे बंधन नाही, हा दिलासा खरा. पण चोरट्या प्रतीस ही अडचण मुळीच येत नाही आणि प्रामाणिक ग्राहकासच ती येते, हा व्यवहार मला कधीही न्याय्य वाटला नाही.

याखेरीज धुळीचा जाच आहेच. डीव्हीडीत मजकुराच्या थरावर ०.६ मिलिमीटरचे कवच असते, ब्लू-रेत केवळ ०.१ मिलिमीटरचे, त्यावर कठीण लेप दिलेला असला तरी वाळवंटातील बारीक रेतीपुढे त्याचीही परीक्षा होते. डिस्क कडेने धरावी, मऊ कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून कधीही पुसू नये, आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ती मुळीच ठेवू नये.

यंत्रांची चिंता मात्र याहून मोठी आहे. ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये नवी यंत्रे काढणे थांबविले. नव्या डिस्कच्या कुलपांसाठी यंत्रास अधूनमधून नवी आज्ञावली पुरवावी लागते, आणि कंपनीने हात आखडला की सुस्थितीतील यंत्रही नव्या डिस्कपुढे निरुत्तर होण्याची भीती असते. म्हणून सर्वच चित्रपट डिस्कवर जमविण्याचा आग्रह मी कोणास करणार नाही. एकदा पाहून विसरावयाचे चित्रपट तारेवरच पाहावेत. जे चार-दोन चित्रपट दर वर्षी पुन्हा पाहावेसे वाटतात, ते तेवढे डिस्कवर घ्यावेत. आणि सुट्टी संपवून मुंबईहून निघताना ते खरेदी करणार असाल, तर वेष्टनाच्या मागील बाजूस खालच्या कोपऱ्यात छापलेले विभागाचे अक्षर दुकानातच वाचून घ्या. ते ‘सी’ एकटेच असेल, तर डिस्क तेथेच परत करा.