बोटे नाडीवर, नजर श्वासावर

नर्सिंगला गेलेली लेक सुट्टीत घरी आली की सरावासाठी आजीचे मनगट धरते. नाडी मोजून झाली तरी सोडत नाही. कारण श्वास मोजतात हे कळले की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून बोटे नाडीवरच ठेवून नजर छातीवर, पूर्ण एक मिनिट. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास १२ ते २०. ते वाढू लागणे ही प्रकृती बिघडत असल्याची पहिली खूण असू शकते.

पोट तपासताना आधी पाहायचे, मग स्टेथोस्कोपने ऐकायचे. दाबून पाहणे शेवटी. आधीच दाबले तर आतड्यांचे आवाज बदलू शकतात.

आणि विचारायचे कसे? ‘कुठं दुखतंय?’ की ‘एल्ली नोवैत्री?’ वेदना आपल्या बोलीतच नीट सांगता येते. आपल्या लेकींना दोन्ही बोली घरूनच मिळाल्या आहेत. तेव्हा तिने मनगट मागितले, तर जरूर द्या!