लक्झेंबर्गच्या श्रीमंतीतली मेख

दरडोई जीडीपीची यादी काढा, लक्झेंबर्ग अगदी वरच सापडेल. पण त्या आकड्यात एक मेख आहे.

देश जेमतेम २,५८६ चौ. किमी, म्हणजे गोव्याहूनही लहान. लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास. त्यातले जवळपास निम्मे परदेशी नागरिक, आणि त्यांत सर्वाधिक पोर्तुगीज. शिवाय फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून दोन लाखांहून जास्त माणसं इथे नोकरीला येतात नि काम आटोपलं की सीमेपलीकडे आपल्या घरी जातात. त्यांची कमाई जीडीपीत धरली जाते; भागाकार करताना डोकी मात्र फक्त रहिवाशांची! म्हणजे तो आकडा थोडा फुगलेलाच. तरी देश गडगंज आहे, यात वाद नाही.

पैसा आधी आला तो पोलादातून. दक्षिणेकडच्या लाल मातीत लोहखनिज होतं. १९७०च्या दशकात पोलाद घसरलं, तेव्हा बँका आणि पुढे गुंतवणूक फंडांनी देश सावरला. आज फंडांच्या धंद्यात तो अमेरिकेखालोखाल आहे. दक्षिणेतल्या बेलव्हालच्या पोलाद कारखान्यातल्या झोतभट्ट्या विझल्या, पण सगळ्या पाडल्या नाहीत. उरलेल्यांच्या भोवतीच आता विद्यापीठ उभं आहे. पोलाद कंपनी आर्सेलरमित्तलचं मुख्यालयही याच देशात.

ही श्रीमंती रोजच्या प्रवासातही दिसते: २०२० पासून बस, ट्राम, रेल्वे सगळं फुकट! फक्त रेल्वेच्या फर्स्ट क्लासला तिकीट लागतं. आणि हो, युरोप टूरसाठी आपण ज्या शेंगेन व्हिसाच्या मागे धावतो, तो शेंगेन करार १९८५ मध्ये झाला इथल्याच शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या बोटीवर.