विज्ञान व गणित शिक्षण-संशोधनासाठी शासकीय अनुदान (भारत)

विज्ञान व गणित शिक्षण-संशोधनासाठी शासकीय अनुदान म्हणजे विद्यार्थी हे विषय कसे शिकतात, कोठे अडखळतात आणि कोणत्या अध्यापनपद्धतीने त्यांची समज वाढते, याच्या शास्त्रशुद्ध अभ्यासासाठी शासनाने दिलेले अर्थसाहाय्य होय. शाळा चालविण्यासाठी मिळणाऱ्या वेतन व वेतनेतर अनुदानाहून ते वेगळे असते.

पार्श्वभूमी

अमेरिकेत इ.स. १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन ही शासकीय संस्था स्थापन झाली. तिच्या अर्थसाहाय्याने १९५६ मध्ये शालेय भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम नव्याने रचण्याचे काम सुरू झाले. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यानंतर अशा कामांवरील खर्च झपाट्याने वाढला. भारतात १९६१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एनसीईआरटी) स्थापन झाली.

स्वरूप

असे अनुदान मुख्यतः दोन प्रकारचे असते. संस्थात्मक अनुदानातून वेतन, ग्रंथालय, प्रयोगशाळा इत्यादींचा नियमित खर्च भागतो. प्रकल्प अनुदान ठरावीक विषयासाठी व मुदतीसाठी मिळते. त्यासाठी संशोधक प्रस्ताव सादर करतो, तज्ज्ञ त्याची छाननी करतात आणि रक्कम सामान्यतः हप्त्यांनी दिली जाते. खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र व अहवाल सादर करणे बंधनकारक असते.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र

मुंबईतील हे केंद्र १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेअंतर्गत सुरू झाले. वि. गो. कुलकर्णी हे त्याचे संस्थापक संचालक होत. आरंभीचे साहाय्य शासनाचे नसून सर दोराबजी टाटा ट्रस्टचे होते आणि काम नाना चौकातील महानगरपालिकेच्या शाळेत चाले. पुढे केंद्राचा भार भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाने उचलला. १९९२ मध्ये केंद्र मानखुर्द येथील स्वतःच्या वास्तूत गेले.

जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळा, तसेच मुंबईच्या महानगरपालिका शाळांतील अनुसूचित जातींचे विद्यार्थी हे केंद्राच्या आरंभीच्या अभ्यासाचे विषय होते. पाठ्यपुस्तकाची भाषा विज्ञान समजण्याच्या आड येते का, या प्रश्नाचाही केंद्राने अभ्यास केला. विज्ञान, तंत्रज्ञान व गणित शिक्षण-संशोधनावरील 'एपिस्टीम' ही केंद्राची आंतरराष्ट्रीय परिषदमाला २००४ मध्ये गोव्यात सुरू झाली.

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम

मध्य प्रदेशात १९७२ मध्ये किशोर भारती व फ्रेंड्स रुरल सेंटर या स्वयंसेवी संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत हा कार्यक्रम सुरू केला. प्रयोग करून शिकणे हा त्याचा गाभा होता. परीक्षेत पुस्तक उघडून उत्तरे लिहिण्याची मुभा असे आणि प्रात्यक्षिकालाही स्थान होते. टाटा मूलभूत संशोधन संस्था व दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे चालविला. शासकीय शाळांत वेगळी पुस्तके व वेगळी परीक्षा ठेवण्यास राज्य शासनाची अनुमती आवश्यक होती. २००२ मध्ये शासनाने कार्यक्रम बंद केला आणि त्या शाळांना राज्यातील इतर शाळांचा अभ्यासक्रम लागू झाला.

महत्त्व व मर्यादा

मुलांच्या आकलनातील बदल दिसण्यास अनेक वर्षे लागतात. प्रकल्प अनुदानाची मुदत बहुधा त्याआधीच संपते. नियमित संस्थात्मक अनुदानामुळे मुंबईच्या केंद्राला दीर्घकालीन अभ्यास करता आला. परंतु केवळ अनुदानाने निष्कर्ष वर्गापर्यंत पोहोचत नाहीत. अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके व परीक्षा यांचे निर्णय शिक्षण खाते व परीक्षा मंडळे घेतात. होशंगाबादचा कार्यक्रम ३० वर्षे वर्गात चालूनही अशाच एका निर्णयाने थांबला. त्यामुळे निधीच्या सातत्याइतकेच शासनाच्या धोरणातील सातत्यही या क्षेत्रात निर्णायक ठरते.