टीव्हीकडून सुरुवात करा : होम थिएटर पीसीचा मदरबोर्ड



हॉस्टेलवर कुणी नवीन पीसी घेणार असं कळलं की पहिला प्रश्न येतो, "प्रोसेसर कुठला?" आणि दुसरा, "ग्राफिक्स कार्ड कुठलं?" मदरबोर्ड कुठला हे सहसा कुणी विचारत नाही. दुकानदार जो देईल तो. रूमवरच्या गेमिंग पीसीला हे एक वेळ चालून जाईल. पण घरच्या हॉलमध्ये टीव्हीला जोडायचा पीसी, म्हणजे होम थिएटर पीसी, बनवायचा असेल तर हिशेब उलटा करावा लागतो. तिथे आधी टीव्ही बघायचा, मग स्पीकर, मग बोर्डाची मागची बाजू, आणि सगळ्यात शेवटी बॉक्सवरचं नाव आणि चित्र.

(माझं मराठी थोडं इंग्लिश मिडियमचं आहे, तेवढं सांभाळून घ्या!)

मुळात गरज आहे का?

हा प्रश्न आधी. फक्त ओटीटी आणि यूट्यूब बघायचं असेल तर पीसी बनवूच नका. टीव्हीला लावायची छोटी स्टिक पुष्कळ स्वस्तात तेच काम करते. पीसी हवा कुणाला? ज्यांच्या घरी स्वतःच्या डिस्क आणि फाइल्स आहेत त्यांना.

आणि आपल्या भागात अशी घरं खूप आहेत. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीता स्वयंवर' केलं. नाटकवेड्या घरांत कपाट उघडलं की 2000 च्या दशकातल्या नाटकांच्या व्हीसीडी निघतात. साताऱ्याला आमच्या घरी त्या दोन खोके भरून आहेत आणि सोबत आत्याच्या लग्नाच्या तीन डिस्क. साताऱ्याच्या पावसाळ्यात डिस्कवर बुरशी धरते. सांगलीकरांना तर 2005 आणि 2019 चे महापूर सांगायला नकोत. फ्रिज परत विकत आणता येतो, लग्नाची डिस्क नाही. म्हणजे हा पीसी नुसती चैन नाही, घरातल्या आठवणींची कॉपी करून ठेवायची जागाही आहे. बोर्ड निवडताना हे लक्षात ठेवा.

चित्र कुठून येतं?

बोर्डावर एचडीएमआय पोर्ट दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं की चित्र बोर्ड देतो. तसं नाही. चित्र तयार होतं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये, बोर्ड ते फक्त पोर्टपर्यंत आणून सोडतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो (उदा. 12400एफ) त्यात ग्राफिक्सच नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो, पण वेगळं कार्ड लावलं नाही तर बोर्डावरचं एचडीएमआय निव्वळ शोभेचं. एएमडीच्या एएम4 सॉकेटमध्ये साधारणपणे नावाशेवटी 'जी' असलेले (5600जी वगैरे) ग्राफिक्सवाले. एएम5 मध्ये बहुतेकांत ग्राफिक्स असतं, फक्त इथेही 'एफ'वाले सोडून.

दुसरी गोष्ट डिकोडिंगची. आजचे व्हिडिओ एच.264, एचईव्हीसी, व्हीपी9, एव्ही1 अशा वेगवेगळ्या पद्धतींनी दाबलेले असतात. ते उलगडायचं वेगळं सर्किट ग्राफिक्समध्ये असलं की प्रोसेसर थंड राहतो आणि पंखा गप्प बसतो. इंटेलमध्ये 10-बिट एचईव्हीसी 7 व्या जनरेशनपासून आणि एव्ही1 11 व्या जनरेशनपासून हार्डवेअरमध्ये आहे. एएमडीच्या 5600जी मध्ये एव्ही1 नाही, रायझन 7000 मालिकेत आहे.

म्हणूनच सेकंडहँड मार्केटमध्ये एच61 चिपसेटचे बोर्ड कितीही स्वस्त दिसले तरी या कामाला घेऊ नका. त्यांवर इंटेलचे 2 ऱ्या-3 ऱ्या जनरेशनचे प्रोसेसर बसतात. व्हीसीडी त्यावर मजेत चालेल, पण 4के एचईव्हीसी फाइल टाकली की मशीन गुडघे टेकेल.

पोर्टवरचा आकडा

टीव्ही 4के असेल तर एचडीएमआयचं व्हर्जन बघायलाच हवं. 1.4 असेल तर 4के चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलतं, माऊससुद्धा अडखळत चालल्यासारखा दिसतो. 2.0 पासून 4के 60 हर्ट्झ मिळतं. 2.1 लिहिलंय म्हणून मात्र भाळू नका. त्या नावाखाली 2.0 एवढाच, म्हणजे 18 गिगाबिटचा वेग देणारे बोर्डही असतात. कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये "4096 × 2160, 60 हर्ट्झ" असं स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. हॉलमधल्या टीव्हीला तेवढं पुरे. ओटीटीचं 4के हवं असेल तर एचडीसीपी 2.2 पण लागतं, आणि ते बोर्ड, टीव्ही आणि मध्ये अँप्लिफायर असेल तर तोही, अशा सगळ्यांकडे हवं. एक जरी कडी कच्ची असली तरी 4के मिळत नाही.

आवाजाचं गणित

इथे तीन केस होतात.

1. अँप्लिफायरला एचडीएमआय आहे : मग काही बघायलाच नको. एका केबलमधून 8 चॅनेलपर्यंतचा आवाज जातो. बोर्डावरचं ऑडिओ कसलंही असलं तरी फरक पडत नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका.

2. जुना अँप्लिफायर, फक्त ऑप्टिकल इनपुट : मग बोर्डावर ऑप्टिकल आउट हवं, आणि ते स्वस्त बोर्डांवर क्वचितच असतं. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून आवाज काढता येतो, पण काही टीव्ही 5.1 चा स्टिरिओ करून टाकतात. शिवाय ऑप्टिकलमधून साधा स्टिरिओ किंवा दाबलेला डॉल्बी डिजिटल, डीटीएस 5.1 एवढंच जातं.

3. तीन वायरींचे 5.1 कॉम्प्युटर स्पीकर : मागे तीन जॅक असले की काम होतं. माईक आणि लाइन-इनचे जॅक सॉफ्टवेअरमधून स्पीकरला देता येतात.

आमच्या घरी दुसरी केस आहे, म्हणून माझ्या यादीत ऑप्टिकल पहिल्या नंबरवर आलं आणि दिसायला भारी असे निम्मे बोर्ड तिथेच बाद झाले.

आकार, पंखे आणि सॅटा

मिनी-आयटीएक्स बोर्ड 17 × 17 सेंटिमीटरचा, टीव्हीखालच्या शोकेसमध्ये छान बसतो. पण तो महाग असतो, त्यावर एकच स्लॉट आणि सॅटा पोर्टही कमी. मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त 24.4 × 24.4 सेंटिमीटर, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. माझं मत, जागा असेल तर मायक्रो-एटीएक्सच घ्या.

सॅटा पोर्ट मोजा : एक डीव्हीडी ड्राइव्हला, दोन हार्ड डिस्कला (एकीवर फाइल्स, दुसरीवर त्यांचीच कॉपी), एक पुढच्या सोयीसाठी. म्हणजे चार. काही बोर्डांवर एम.2 मध्ये एसएसडी लावली की एखादं सॅटा पोर्ट बंद पडतं, ते मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असतं. नवीन कॅबिनेटमध्ये डीव्हीडी ड्राइव्हची जागाच नसते, तेही आधी बघा. नाहीतर यूएसबी ड्राइव्ह घ्यावा लागेल.

पंख्यांसाठी 4 पिनचे निदान दोन हेडर हवेत, म्हणजे वेग आपोआप कमी होतो. नाटकातल्या शांत प्रसंगात पंख्याची घरघर कुणाला आवडेल? अगदीच आवाज नको असेल तर इंटेल एन100 प्रोसेसर सोल्डर केलेले, पंखा नसलेले बोर्ड मिळतात. 4के आणि एव्ही1 ते आरामात चालवतात. फक्त सॅटा पोर्ट कमी आणि पुढे प्रोसेसर बदलता येत नाही.

वीज जाते, त्याचं काय?

हे परदेशी रिव्ह्यूमध्ये सापडत नाही. बायॉसमध्ये 'एसी पॉवर लॉस' नावाची सेटिंग असते. ती 'पॉवर ऑफ' ठेवा, म्हणजे लाइट दहा वेळा ये-जा करत असला तरी मशीन दर वेळी उठून बसणार नाही. बोर्डावरचा सीआर2032 सेल संपला की प्लग काढल्यावर किंवा लाइट गेल्यावर घड्याळ मागे जातं, आणि मग वेबसाइट उघडेनाशा होतात. घरचे म्हणतात नेट गेलं! सेल बदलायला दोन मिनिटं लागतात, आईलासुद्धा दाखवून ठेवा.

अर्थिंग तपासा. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर एचडीएमआय केबल चालू मशीनला लावू नका, पोर्ट जाऊ शकतं. पीसी, टीव्ही, अँप्लिफायर सगळे एकाच अर्थिंगवाल्या बोर्डावर घ्या.

आणि रिमोट : बहुतेक मदरबोर्डांच्या एचडीएमआयवर सीईसी चालत नाही, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने पीसी हलत नाही. यूएसबी रिसीव्हरवाला रिमोट घ्या आणि झोपलेला पीसी यूएसबीने जागा होतो का ते बायॉसमध्ये बघा. त्यासाठी 'ईआरपी' सेटिंग बंद लागते. आजोबांना कीबोर्ड शोधायला लावला तर तो पीसी आठवड्यात धूळ खात पडणार.

दुकानात जाताना

टीव्ही आणि अँप्लिफायरच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये घ्या. बोर्डाचं पूर्ण मॉडेल नाव विचारा. एका अक्षराने ऑप्टिकल येतं किंवा जातं. रॅम डीडीआर4 की डीडीआर5 ते बोर्डावर ठरतं, एकाची दुसऱ्यात बसत नाही. वॉरंटीत बोर्ड खराब झाला तर तो कुठे पाठवणार आणि किती दिवसांनी येणार, हे बिल करण्याआधी विचारा. आरजीबी लाइट, गेमिंगची नावं, ओव्हरक्लॉकिंग यांवर इथे एक रुपयाही घालू नका. वाचलेल्या पैशात दुसरी हार्ड डिस्क येते.

आणि पीसी तयार झाला की नवीन पिक्चर लावायच्या आधी कपाटातल्या डिस्क कॉपी करायला घ्या. पिक्चर पुढच्या महिन्यातही मिळेल. बुरशी धरलेली डिस्क पुढच्या पावसाळ्यानंतर वाचेलच असं नाही.

काही अडलं तर हॉस्टेलवर गाठा. स्क्रूड्रायव्हर माझा, चहा तुमचा!