मुलाखतीचा मेल आला, उत्तर दिले का?

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी अब्बांसोबत नांदेडहून रात्रभर प्रवास करून पुण्याला मुलाखतीसाठी गेली. तिथे कळले, यादीत तिचे नावच नाही. ‘येणार असल्याचे कळवावे’ असे मेलमध्ये लिहिले होते; तिने वाचले, पण उत्तर दिले नाही. ‘सर, जाणारच होते, मग काय लिहायचे?’

आपल्या मुलांचे इथेच चुकते. उत्तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी द्यावे. नवा मेल न लिहिता आलेल्या मेललाच ‘रिप्लाय’ करावा, म्हणजे विषय तोच राहतो. चार ओळी पुरतात: ‘आदरणीय महोदय, निमंत्रणाबद्दल आभार. मी सोमवारी सकाळी ११ वाजता आपल्या कार्यालयात हजर राहीन. कोणती मूळ कागदपत्रे आणावीत, कृपया कळवावे.’ खाली पूर्ण नाव, मोबाइल नंबर. मेल इंग्रजीत असेल तर उत्तरही इंग्रजीतच.

नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तेच ठेवावे. अर्जात ‘शेख’ एका तऱ्हेने आणि मेलमध्ये दुसऱ्या, असे नको. जाणे जमत नसेल तरी कळवावे. दुसरी तारीख नम्रपणे मागता येते.

त्या दिवशी बापलेक न बोलता परतले. यंदा लातूरहून मेल आला, तेव्हा तिने आधी उत्तर पाठवले, मग मला फोन केला.